मालवाहू गाडीचे मागील ब्रेक : ड्रम काढून डिस्क बसवावेत काय?

शेतमाल बाजारपेठेत पोहोचविण्याचे काम पूर्वी बैलगाडी करीत असे. आता ते बहुतांशी लहान मालवाहू मोटारगाडीकडे, म्हणजे ज्यास आपण पिकअप म्हणतो त्या वाहनाकडे आले आहे. दिंडोरी-पिंपळगावकडील शेतकरी सायंकाळी टोमॅटोचे क्रेट भरतो आणि पहाटेचा बाजार गाठण्यासाठी रात्रीच कसारा घाट उतरतो. अशा गाड्यांच्या पुढील चाकांना बहुधा डिस्क ब्रेक आणि मागील चाकांना ड्रम ब्रेक असतात. घाटात मागील चाकांतून जळका वास येऊ लागला, पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले, म्हणजे गाडीमालक घाबरतो. त्यास कोणीतरी सल्ला देतो, "मागचे ड्रम काढून टाका, तेथेही डिस्क बसवा." हा सल्ला योग्य की अयोग्य, असे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस वारंवार विचारले जाते. प्रस्तुत लेखकासही एकदा विचारले गेले होते. त्या वेळी दिलेले उत्तर चुकीचे ठरले. ती हकीकत पुढे यावयाची आहे. तत्पूर्वी ब्रेक नेमके काय करतात हे समजून घेणे अवश्य आहे.

ब्रेक म्हणजे उष्णता निर्माण करणारे यंत्र

ब्रेक गाडीस थांबवितात असे आपण म्हणतो. वस्तुतः ते गाडीच्या गतीचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर करतात आणि ती उष्णता हवेत सोडून देतात. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत उतरताना गाडी सुमारे ३०० मीटर खाली येते. गाडी, माल व माणसे मिळून वजन ३,००० किलो धरले, तर या उतारावर सुमारे ८८ लक्ष ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने २० अंश सेल्सिअस उष्णतामानाचे सुमारे २६ लिटर पाणी उकळीस येईल. म्हणजे आंघोळीचा बंबभर पाणी चुलीवाचून तापेल. यांपैकी काही ऊर्जा टायरांच्या व हवेच्या विरोधात खर्च होते. काही इंजिन शोषून घेते, परंतु ते गाडी गेअरमध्ये असेल तरच. उरलेली सर्व उष्णता चार चाकांतील थोड्याशा लोखंडास पत्करावी लागते. इंधन वाचविण्यासाठी जो चालक गाडी न्यूट्रल करून घाट उतरवितो, तो इंजिनचा वाटाही ब्रेकवर टाकतो. त्यातून त्याने इंजिन बंद केले, तर बूस्टरला मिळणारा निर्वात दाब थांबतो. दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर ते दगडासारखे कठीण होते.

ड्रम आणि डिस्क यांतील भेद

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी पिंपाच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू असतात व त्यांवर लायनर बसविलेले असतात. पेडल दाबले की व्हील सिलिंडरमधील दोन दट्टे शूंना बाहेर लोटतात आणि लायनर ड्रमच्या आतील बाजूस घासतात. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी असते. कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरतो. दोन्ही कल्पना जुन्या आहेत. इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ साली घेतले आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेक पुढे आणला. तथापि डिस्कचा बोलबाला झाला तो १९५३ साली, जेव्हा डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीने ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली.

उष्णतेपुढे हे दोन ब्रेक निरनिराळे वागतात. बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना लोहार ती तापवितो; कारण तापलेले लोखंड फैलावते, आणि फैलावलेली धाव चाकावर सहज बसते. ड्रमचेही तसेच होते. तापला की तो बाहेरच्या अंगास फैलावतो, म्हणजे लायनरपासून दूर जातो. म्हणून पेडल अधिक खोल दाबावे लागते. डिस्क तापली म्हणजे ती जाड होते, अर्थात पॅडच्या दिशेनेच येते. शिवाय ती उघडी असल्याने तिला वारा लागतो आणि ती लवकर निवते. पाण्याच्या बाबतीतही डिस्क सरस आहे. ओढ्यातून गाडी काढल्यावर तबकडी पाणी तत्काळ झटकून टाकते. ड्रममध्ये शिरलेले पाणी मात्र लायनर सुकेपर्यंत त्रास देते.

एवढे वाचून डिस्कच उत्तम असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ड्रमच्या अंगी एक गुण आहे, जो डोळ्यांस दिसत नाही. उघड्या दाराखाली पाचर ठेवावी आणि दार लोटावे, म्हणजे पाचर स्वतःच अधिक घट्ट बसते. ड्रम फिरत असताना पुढील शू याच न्यायाने ओढला जाऊन अधिक जोराने दाबला जातो. (म्हणूनच एका चाकातील दोन शूंपैकी पुढील शूचा लायनर आधी झिजतो. तो दोष नव्हे.) पायाच्या थोड्या जोरावर ड्रम पुष्कळ काम करतो, ते या गुणामुळे. डिस्कला अशी आपोआप मदत मिळत नाही. तीच चिमट निर्माण करण्यासाठी तिच्या कॅलिपरमध्ये बराच मोठा दट्ट्या लागतो. हा जो फरक आहे तोच अदलाबदलीच्या वेळी अडचणीचा ठरतो.

हिशेब करून पाहू. व्हील सिलिंडरच्या दट्ट्याचा व्यास २२ मिलिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ ३८० चौरस मिलिमीटर होते. दोन्ही दट्टे मिळून ७६०. कॅलिपरचा दट्ट्या ५४ मिलिमीटर व्यासाचा धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,२९० चौरस मिलिमीटर, म्हणजे तिप्पट भरते. प्रत्येक शू दीड मिलिमीटर सरकविण्यास जेवढे ब्रेक ऑइल लागते, तेवढ्यात हा कॅलिपरचा दट्ट्या केवळ अर्धा मिलिमीटर सरकतो. डिस्क किंचित वाकडी असली वा बेअरिंग ढिले असले, तर फिरताना ती पॅडला मागे लोटते. मग पुढच्या वेळी ती फट भरून काढण्यातच मास्टर सिलिंडरचे ऑइल संपते आणि पेडल तळाला जाते. ड्रमसाठी बनविलेला मास्टर सिलिंडर तसाच ठेवून मागे कॅलिपर बसविल्यास ऑइलचा हा हिशेब जुळत नाही.

काही जुन्या गाड्यांत ड्रमच्या नळीमध्ये थोडा दाब कायम राखून ठेवणारी झडप असते. ती काढावयाची राहिली तर डिस्कचे पॅड सदैव घासत राहतात, चाक तापते आणि डिझेल अधिक जळते. गाडीमालक मात्र इंजिनात दोष शोधत बसतो.

पुढचे व मागचे ब्रेक यांचा तोल

बैलगाडी भरताना ओझे पुढे अधिक झाले तर गाडी धुरजड होते आणि मागे अधिक झाले तर उलार होते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. मोटारगाडीत हा तोल ब्रेक दाबताक्षणी बदलतो. गाडी थांबू लागली की वजन पुढील चाकांवर येते आणि मागील चाके हलकी होतात. रिकाम्या पिकअपची मागील बाजू मुळातच हलकी असते. अशा वेळी मागचे ब्रेक प्रमाणाबाहेर जोराने लागले, तर मागील चाके फिरावयाची थांबून घसरू लागतात, आणि घसरणारे चाक गाडीस सरळ धरून ठेवू शकत नाही. गाडीचे शेपूट फिरते. ओल्या रस्त्यावर, वळणावर, हे क्षणार्धात घडते आणि चालकाच्या हाती काही उरत नाही.

उलटपक्षी, गाडी क्षमतेइतकी भरलेली असली म्हणजे वजनाचा मोठा भाग मागील एक्सलवर असतो व मागच्या ब्रेकना भरपूर काम करावे लागते. प्रवासी मोटारीच्या मागील ब्रेकविषयी जे सांगितले जाते ते मालवाहू गाडीस जसेच्या तसे लागू पडत नाही, ते यामुळेच. रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही स्थितींत तोल साधावा म्हणून अनेक गाड्यांत मागील एक्सलजवळ भारानुसार चालणारी एक झडप बसविलेली असते. पाटे दबले की ती मागील ब्रेकना अधिक दाब देते, पाटे मोकळे झाले की कमी. ही झडप त्या गाडीच्या ड्रमला जुळवून ठेवलेली असते. तेथे डिस्क बसविल्यास तिचे माप चुकते. ज्या गाडीत चाके अडकू न देणारी विद्युत् यंत्रणा आहे, त्या यंत्रणेचाही मेळ मूळच्याच ब्रेकशी बसविलेला असतो.

घडलेली एक गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातील एका तरुण टोमॅटो उत्पादकाने आपल्या पिकअपचा मागील ब्रेक घाटात तापतो, वास येतो, अशी तक्रार सांगितली आणि डिस्क बसवू काय असे विचारले. डिस्क लवकर निवते एवढे पुस्तकी ज्ञान मजपाशी होते. गाडीखाली वाकून न पाहताच मी होकार दिला. त्याने एका कारखान्यातून, मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीच्या पुढील चाकांचे कॅलिपर व डिस्क आणून मागे बसवून घेतले. कॅलिपर धरणाऱ्या पट्ट्या एक्सलच्या नळीस वेल्डिंगने जोडल्या. पुढील चाकांच्या कॅलिपरला हँडब्रेकची सोय नसते. साहजिकच हँडब्रेक निकामी झाला. मास्टर सिलिंडर व झडप यांस कोणी हात लावला नाही.

भरलेली गाडी पहिले काही दिवस उत्तम थांबली. त्याने मला आवर्जून तसे कळविले आणि मलाही धन्यता वाटली. पुढे पावसाळ्यात रिकामे क्रेट घेऊन परत येताना एका ओल्या वळणावर त्याने ब्रेक दाबला, मागील चाके जागच्या जागी अडकली आणि गाडी आडवी होऊन रस्त्याकडेच्या चरात उतरली. समोरून वाहन येत नव्हते, म्हणून दोन माणसे वाचली. एकाचे मनगट दुखावले, एवढ्यावर निभावले.

नंतर काढून ठेवलेले जुने ड्रम व शू आम्ही शांतपणे तपासले. जे आधी करावयास हवे होते ते मागाहून केले. उजव्या बाजूचे लायनर तेलाने माखलेले होते. एक्सलचे ऑइल सील गळत होते. म्हणजे मागील ब्रेकचे सारे काम एकटे डावे चाक करीत होते. डाव्या ड्रमच्या आत खोल चरे पडून तो मर्यादेबाहेर झिजला होता. ब्रेक ऑइल काळे झाले होते, ते शेवटी केव्हा बदलले हे कोणासही सांगता आले नाही. शिवाय हा तरुण घाटाचा बराच भाग न्यूट्रलमध्ये उतरत असे. यांपैकी एकही दोष डिस्क बसविल्याने दूर होणारा नव्हता. गळणाऱ्या सीलचे तेल पुढे डिस्कवरही आलेच असते. वेल्डिंगने बिघडलेला एक्सल बदलून नवा ड्रम, नवे लायनर व नवे सील घातल्यावर तीच गाडी त्याच घाटात वासाशिवाय उतरू लागली. त्या खर्चाचा आकडा त्याने मला सांगितला नाही; मीही विचारण्याचे धैर्य केले नाही.

प्रथम काय तपासावे

तेव्हा मागील ब्रेकविषयी तक्रार आली म्हणजे आधी ड्रम उघडून पाहावा. गाडी सपाट जागी उभी करून पुढील चाकांना उटी लावावी आणि मगच मागची बाजू उचलावी. ड्रमच्या आतील धूळ तोंडाने वा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याचे तंतू फुप्फुसास अपायकारक असतात. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. लायनरवर तेल दिसले तर ते एक्सलचे आहे की व्हील सिलिंडरमधून झिरपलेले ब्रेक ऑइल आहे, हे ओळखावे. गिअर ऑइल दाट व उग्र वासाचे असते. गळती बंद करून दोन्ही बाजूंचे लायनर एकदमच बदलावे. एकाच बाजूचे बदलल्यास गाडी एका अंगास ओढते. तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळ दाखवून पुन्हा वापरण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, ती सर्वथा त्याज्य होय. ड्रमचा जास्तीत जास्त चालणारा व्यास बहुधा ड्रमवरच कोरलेला असतो. खरादावर ड्रम फिरवून घेताना ती मर्यादा ओलांडली, तर पातळ झालेला ड्रम अधिक लवकर तापतो.

ब्रेक ऑइलविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे, कारण त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. हे द्रव्य हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे कोरडे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओलावा शोषल्यानंतर हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे अनुक्रमे २३० व १५५ आहेत. घाटात तापलेल्या नळीतील जुने ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल फुकट खाली जाते. ब्रेक ड्रमचे असोत वा डिस्कचे, हा धोका दोहोंस आहे. गाडीच्या पुस्तिकेत निराळे सांगितले नसल्यास दर दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्यावे व नळ्यांतील हवा काढावी. कमी पडले म्हणून त्यात इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल कदापि ओतू नये. त्याने रबरी वॉशर फुगतात, आणि मग सर्व चाकांचे सिलिंडर बदलण्याची वेळ येते.

तरीही डिस्क बसवावयाची असल्यास

हा मार्ग सर्वांसच बंद आहे असे नव्हे. त्याच गाडीच्या त्याच नमुन्यात उत्पादकाने मागील डिस्क दिलेली असेल, तर तो संपूर्ण संच घेता येतो. संपूर्ण याचा अर्थ डिस्क, हँडब्रेकसह कॅलिपर, ते धरणारा बोल्टचा आधार, मास्टर सिलिंडर, भारानुसार चालणारी झडप, हँडब्रेकच्या तारा आणि कॅलिपर आत मावेल अशी रिम. यांतील एकही वस्तू जुनी किंवा दुसऱ्या गाडीची चालवून घेऊ नये. एक्सलवर वेल्डिंग करू देऊ नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीत ब्रेक पाहिले जातातच. हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असलेल्या मोठ्या मालमोटारींची गोष्ट सर्वस्वी वेगळी आहे. तेथे गावठाणातील गॅरेजने हात घालूच नये.

शेतीच्या कामातील डिस्कचे दोषही ध्यानात घ्यावेत. काळ्या जमिनीतील चिकण चिखल कॅलिपरमध्ये भरून सुकला की त्याच्या सरकत्या पिना अडकतात आणि एकच पॅड झिजू लागतो. रासायनिक खतांची वाहतूक करणाऱ्या गाडीत सांडलेल्या खताने उघडी डिस्क गंजते. हंगाम संपल्यावर गाडी महिनोन्महिने उभी राहिली, तर डिस्कवर गंजाचे खड्डे पडतात. ज्यांची गाडी बहुतेक वेळ शेतरस्त्यावरच फिरते, घाटात क्वचित जाते, त्यांस बंदिस्त ड्रमच अधिक सोयीचा आहे, असे माझे मत आहे.

काम पूर्ण झाल्यावर मोकळ्या, सरळ व सपाट जागी मंद वेगाने चाचणी घ्यावी; प्रथम रिकाम्या गाडीने, नंतर भरलेल्या. चाके अडकू न देणारी यंत्रणा नसलेल्या गाडीत एका माणसाने बाजूस सुरक्षित अंतरावर उभे राहून कोणती चाके आधी अडकतात ते पाहावे. मागील चाके आधी अडकत असतील तर ती गाडी रस्त्यावर आणू नये. घाटात, गाडी ज्या गेअरमध्ये चढते त्याच गेअरमध्ये ती उतरवावी.

हँडब्रेकविषयी एक बारीक गोष्ट राहिली. घाट उतरून तापलेल्या गाडीचा ड्रम निवताना आकसतो आणि शूंवर अधिक घट्ट बसतो. डिस्क मात्र निवताना पातळ होते आणि पॅडची पकड सैल पडते. उतारावर हँडब्रेक ओढून उभी केलेली गाडी त्यामुळे अर्ध्या तासाने आपोआप सरकू लागल्याचे प्रकार घडू शकतात. मागे डिस्क असलेली गाडी उतारावर उभी करावयाची झाल्यास ती गेअरमध्ये ठेवावी, चाकाला उटी लावावी आणि ब्रेक निवल्यावर हँडब्रेक पुन्हा एकदा ओढून घ्यावा.